वाण परत घेणारं हळदीकुंकू

देवगाव फाट्याच्या थोडं अलीकडं, रस्त्याला लागून कापसातली सरकी काढणारी एक जिनिंग होती. रस्त्याच्या ह्या अंगाला आबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि दुकानाच्या पाठीला पाठ लावून आमचं घर. दसऱ्याला जिनिंगच्या मशीनींना झेंडूचे हार पडले की त्यांचा आवाज आमच्या घरात मुक्कामाला यायचा, तो होळी झाल्यावरच परत जायचा. मांडणीवरची ताटं दिवसभर आपापसात कुजबुजत असायची. पाण्याच्या हंड्यावर हात ठेवला तर आत काहीतरी जिवंत असल्यासारखं वाटायचं. आम्ही एकमेकांशी ओरडून बोलायचो आणि ती खोड मला अजून आहे. माझी सून म्हणते, "आत्या, तुमाला फोन कशाला लागतो? नुसतं खिडकीतून बोला, पोचतंय." तिचं खरं आहे. पण ज्या घरात मी वाढले तिथं हळू बोलणाऱ्याचं कुणी ऐकतच नसे.

घरात आम्ही चौघं. आबा, माय, मी आणि काकू. काकू म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची बायको, सुभद्रा. काका विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला तेव्हा ती पंचविशीचीही नसेल. मूलबाळ नव्हतं. लोकांनी गृहीत धरलं की ही आता माहेरी जाईल. तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आलासुद्धा. काकूनं त्याला जेवू घातलं, बैलांना पाणी दाखवलं आणि गाडी रिकामी परत पाठवली. "चूल माजी इथं हाय," म्हणाली, "तिथं जाऊन भावजयीच्या चुलीम्होरं कामून बसू?" अंगानं उंच, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. पोखर्णीच्या नरसिंहावर तिची फार श्रद्धा. वर्षातून एकदा एसटीनं जाऊन दर्शन घेऊन यायची आणि मग आठ दिवस देवाची तारीफ करायची. "आपला देव दार वाजवून येनारा न्हाई," असं ती म्हणायची, "खांब फोडून येनारा हाय." माय म्हणायची, तुला बी त्यानंच असं केलंय.

दहावीला मी गणिताला सोडलं आणि गणितानं मला. दुसऱ्याच सीझनला मी माय आणि काकूच्या मागं जिनिंगवर जाऊ लागले. पहाटे भाकरी थापल्या जायच्या, त्यांवर मिरचीचा ठेचा, कधी अंबाडीची भाजी, आणि थंडी जास्त असली की येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी. ती आम्ही किटलीत न्यायचो आणि दुपारी बॉयलरच्या भिंतीला टेकवून गरम करायचो. खाताना पदर ताटावर धरावा लागे. तरी आमटीत मोहरीपेक्षा रुईच जास्त निघायची. संध्याकाळी घरी आलो की आमच्या तिघींच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. आबा म्हणायचे, "आल्या म्हाताऱ्या." आज आरशात खरीच पांढरी भुवई दिसते तेव्हा मला आधी जिनिंग आठवते, मग वय.

माय सात नंबरच्या मशीनवर, काकू अकरावर. दोघी मशीनीला कापूस लावायच्या. मी ढिगावर बसून कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, आणि काड्या वेचायची. शनिवारी संध्याकाळी अंबादास मुकादम फाटकापाशी उभा राहायचा आणि एकेकीच्या तळहातावर पैसे ठेवायचा. सही नाही, अंगठा नाही, काही नाही. ऑफिसात हजेरीचं एक पुस्तक होतं म्हणे, पण त्यात फिटर, वॉचमन आणि असे दोन-चार पुरुषच होते. आम्हा बायांपैकी एकीचंही नाव नव्हतं. कुणी विचारलंच तर शेठ हसून म्हणायचे, "अगं, तुम्ही तर घरच्याच. घरच्या माणसांचं कुणी लिहून ठेवतं का?" हे ऐकून बाया खूष व्हायच्या. मीही झाले होते, उगाच खोटं कशाला बोला.

आता हळदीकुंकवाचं सांगते. सीझन ऐन भरात यायचा तो संक्रांतीला, आणि कामगार खात्याचे तपासणीवाले साहेबही नेमके त्याच दिवसांत फिरायचे. ते निघाले की कुठूनतरी शेठच्या ऑफिसात फोन यायचा. कोण करायचं ते शेठला माहीत आणि त्या फोनला माहीत. मग अंबादास मशीनीमशीनींतून पळत ओरडायचा, "पाव्हण्या व्हा गं! पाव्हण्या व्हा!" झालं. पट्टे उतरायचे, आवाज बंद पडायचा. आम्ही हौदावर तोंडं धुवायचो, केसांतली रुई झटकायचो आणि कंपाउंडातच असलेल्या शेठच्या घराकडं पळायचो. तिथं शेठाणीबाईंची एक पत्र्याची पेटी होती. तीत त्यांच्या जुन्या साड्या. त्या आम्ही आमच्या लुगड्यांवरून गुंडाळायच्या आणि माडीखालच्या लांब खोलीत सतरंजीवर ओळीनं बसायचं. शेठाणीबाई हळदीकुंकू लावायच्या, तिळगूळ द्यायच्या, आणि वाण म्हणून एकेक स्टीलची वाटी. साहेब दारापर्यंत आले की शेठ हात जोडून म्हणायचे, "साहेब, बायकांचा कार्यक्रम चाललाय. संक्रांतीचं हळदीकुंकू. घरच्याच आहेत सगळ्या." आता कुठला पुरुष बायकांच्या हळदीकुंकवात शिरेल? साहेब लाजून मागं फिरायचे, ऑफिसात चहा प्यायचे आणि जायचे. जीप फाट्यावरून वळली की अंबादास टोपलं घेऊन दारात उभा. आधी साड्या काढून द्यायच्या, मग वाट्या टोपल्यात टाकायच्या. पुढच्या खेपेला लागायच्या ना! वाण परत घेणारं हळदीकुंकू जगाच्या पाठीवर तेवढं एकच असेल. एका वर्षी ते दोनदा झालं होतं.

आणि विधवा? त्यांना सतरंजीवर बसवता येईना. हळदीकुंकवात कोऱ्या कपाळाची बाई दिसली तर खेळ उघडा पडणार. म्हणून त्यांची रवानगी सरकीच्या गोदामात. अंबादास बाहेरून कडी लावायचा. आत सरकीची ऊब आणि तेलकट वास, घुसमटून जीव जाईल असा. काकू आणि तिच्यासारख्या चार-पाच जणी तिथं पोत्यांवर बसून राहायच्या. सुटका झाली की काकू अंगाला चिकटलेली सरकी झटकत बाहेर यायची आणि मायला विचारायची, "काय पाव्हणेबाई, मानपान बराबर झाला का?" आम्ही पोट धरून हसायचो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, पण तेव्हा तो मार वाटत नव्हता, गंमत वाटायची.

ती गंमत एका दुपारी संपली. काकूचा उजवा हात मशीनीत गेला. अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. मी पळत पोचले तेव्हा ती खाली बसलेली, हात पदरात गुंडाळलेला, आणि मशीनीतून निघणारी रुई लाल. तिनं आरडाओरड केली नाही हेच मला सहन होईना. तिच्या मोठ्या आवाजाची मला सवय होती, त्या गप्प बसण्याची नव्हती. मीच ओरडत राहिले. शेठनं जीप काढली हे खरं, खोटं बोलणार नाही. दवाखान्यात नेलं, मलमपट्टीचे पैसे स्वतः भरले. आणि डॉक्टरला सांगितलं, बाईचा हात कडबाकुट्टीत गेला. डॉक्टरनं तसं लिहिलं. आमच्या घरात बैल नाही, म्हैस नाही, एक शेळी होती तीही मोकळी चरणारी. आम्ही कडबा कुणासाठी कापत होतो ते त्या डॉक्टरलाच ठाऊक.

पट्टी कोरडी झाल्यावर आबा काकूला घेऊन शेठकडं गेले. मागणं फार नव्हतं. पुढचं औषधपाणी करा आणि हात बरा झाला की झाडलोटीचं, निवडायचं असं काहीतरी काम द्या. शेठ मऊ आवाजात म्हणाले, "वाईट झालं. पण ही बाई आमच्याकडं कामाला होती असं कुठं आहे? का रे अंबादास?" अंबादासनं मान हलवली, "न्हाई मालक, मी तर कदी बघितली न्हाई." उंदराला मांजर साक्ष. मग शेठनं खिशात हात घातला. "तरी शेजारधर्म म्हणून, खुशीनं देतो." काकूनं ते घेतलं नाही. परत येताना रस्ता ओलांडून घराच्या उंबऱ्यात आली आणि तेव्हा पहिल्यांदा रडली. "बोटं गेली ती गेली," म्हणाली, "पन मी तितं नव्हतेच म्हनतेत गं. इतकी वर्सं मी कुटं होते मग?"

आबांच्या दुकानावर ट्रकवाले हवा भरायला थांबत. त्यातला एक जण परळीकडचा, कधीतरी कारखान्यात काम केलेला. त्यानं आबांना सांगितलं, पुस्तकात नाव नसलं म्हणून मालक सुटत नाही. काम केलं असेल तर भरपाईचा हक्क आहेच. फक्त तुम्ही तिथं होता एवढं कुणीतरी सांगायला पाहिजे. कुणीतरी! माय घरोघर गेली. रोज शेजारच्या मशीनीवर उभ्या राहणाऱ्या बाया. त्यांनी मायला चहा पाजला, काकूच्या हाताची चौकशी केली, डोळ्यांत पाणी आणलं आणि सांगितलं, "वैनी, सीझन चालू हाय. लेकरं हायेत." मला त्यांचा फार राग आला. मी म्हणाले, ह्यांच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. काकू म्हणाली, "उगं बस. तू त्यांच्या जागी असतीस तर काय केली असतीस? एकटीनं कोन बोलतंय? येकदम बोलाय पायजे."

त्या दिवसांत ती भाकरी करायला बसायची आणि करता यायची नाही. डाव्या हातानं थापायची, भाकरी एका बाजूला जाड आणि दुसरीकडं फाटलेली. मी परात ओढून घ्यायला गेले की हात झटकायची. तसल्या वाकड्या भाकरी आम्ही मुकाट्यानं खात होतो. आबांनी एकदाच, "भाकरीला आज फाटक हाय वाटतं," असं म्हटलं आणि ती हसली. ते हसणं ऐकून मला कळलं की हिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. त्या रात्री तिनं मला जवळ घेऊन सांगितलं, "ज्या दिशी अंबादास 'पाव्हण्या व्हा' म्हनंल, त्या दिशी आदी मला हाक मार. तोंड नंतर धू."

रथसप्तमी चार दिवसांवर होती तेव्हा फोन आला. "पाव्हण्या व्हा गं!" हौदावर गर्दी झाली आणि मी त्या गडबडीत फाटकातून निसटून रस्ता ओलांडला. काकू शेंगा सोलत बसली होती. मी नुसतं "आले" म्हणाले. तिनं सूप बाजूला ठेवलं. आबांच्या हातात चाकाची ट्यूब होती. ते म्हणाले, "सुभद्रा, माजा धंदा बी ह्याच फाट्यावर हाय. इचार कर." काकू म्हणाली, "भावजी, इचार करायला मला लय टाइम भेटला." आबांनी ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे बघत म्हणाले, "मागल्या फाटकानं जा. कुत्रं बांदलेलं असतंय आत्ता." आबांचा आशीर्वाद असाच असायचा.

मी परत येऊन पेटीतली जांभळी साडी गुंडाळली आणि मायच्या शेजारी सतरंजीवर बसले. आणि मग गोंधळ झाला तो असा की जीपमधून साहेब उतरलेच नाहीत, बाई उतरली. साधी सुती साडी, चष्मा, खांद्याला पिशवी. शेठनं पाठ केलेलं म्हटलं, "बायकांचा कार्यक्रम चाललाय, साहेब..." आणि मग जीभ चावली. बाई म्हणाली, "अरे वा, मग मी आत जाते." तिला कोण अडवणार? ती चप्पल काढून आली आणि आमच्याच ओळीत, माझ्यापासून तिसरी, मांडी घालून बसली. शेठ दारापर्यंत आले तर मागं वळून म्हणाली, "तुम्ही बाहेरच थांबा. बायकांचा कार्यक्रम आहे ना?" आपल्याच खोटेपणाच्या उंबऱ्याबाहेर तो माणूस अडकला. दारातून त्याची नुसती सावली आत-बाहेर करताना दिसत होती. मला इतकं हसू आलं की मायनं माझ्या मांडीला चिमटा काढला.

शेठाणीबाईंनी घाबऱ्याघाबऱ्या सरकारी बाईला पहिलं कुंकू लावलं आणि ओळीच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. हळद, कुंकू, तिळगूळ, वाटी. तेवढ्यात मागलं दार उघडलं आणि काकू आत आली. तिच्या मागं गोदामातल्या बाकीच्या चौघी. तिनं जाता जाता कडी काढली होती. त्या चौघींच्या केसांत सरकी, पाचही जणींची कपाळं कोरी. त्या सरळ येऊन ओळीच्या शेवटी बसल्या. काकूनं पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला, पदर नीट केला आणि मान वर केली.

शेठाणीबाई करंडा घेऊन ओळीनं पुढं येत होत्या. मला लावलं, मायला लावलं. काकूपुढं आल्या आणि हात हवेत थांबला. आज इतक्या वर्षांनी त्यांच्यावर माझा राग नाही. तो हात दुष्टपणानं थांबला नव्हता, भीतीनं थांबला होता. विधवेला कुंकू लावलं तर आपल्या कुंकवाला काही होईल ही भीती त्यांच्या आईनं, आजीनं घातलेली. बोटाच्या टोकावर कुंकू तसंच राहिलं. काकू त्या बोटाकडं बघत म्हणाली, "लावा की, बाईसायब. पाव्हणी हाय ना मी?"

शेठाणीबाईंनी मागं वळून दाराकडं पाहिलं.

"पाव्हणी असंल तर कुकू लावा," काकू म्हणाली. तिचा मोठा आवाज परत आला होता. "आन् कामवाली असंल तर तसं सांगा. दोन्हीतलं येक करा. माजं कपाळ तुमच्याम्होरं हाय."

शेठाणीबाईंचं भान सुटलं. "अगं बायांनो, तुम्हाला कुणी बोलावलं इथं? तुम्हाला दरवेळी सरकीच्या गोदामात बसायला सांगतात ना!" बोलून गेल्या आणि करंडा छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या.

सरकारी बाईनं चष्मा काढून पदरानं पुसला. "दरवेळी?" तिनं विचारलं. आवाज अगदी घरगुती, जणू साखरेचा भाव विचारावा. "आणि गोदामात कशाला बसवतात हो पाहुण्यांना?"

बाहेरची सावली थांबली. काकूनं दातानं गाठ ओढून पट्टी सोडायला घेतली. मी पुढं झाले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, माजी मी सोडते." हात उघडा करून तिनं तो बाईपुढं धरला. "मी सुभद्रा. अकरा नंबरच्या मशीनवर होते. ह्याच मशीनीनं बोटं नेली. कडबाकुट्टीनं न्हाई."

आणि मग माझी माय बोलली, जी आबांपुढंसुद्धा जपून बोलायची. अंगावरची उसनी साडी सोडून तिनं घडी करून पुढं ठेवली आणि म्हणाली, "मी बी पाव्हणी न्हाई. मी सात नंबर." मग माझं मलाच ऐकू आलं, "मी कवडी वेचते." तेवढ्यात मागून एक आवाज आला, "तीन नंबर." ही तीच, मायला चहा पाजून रिकामं पाठवणारी. मग नऊ नंबर. मग चौदा. नावं कुणी सांगितलीच नाहीत. आपण मशीनीच असल्यासारख्या बाया नंबर सांगत होत्या आणि साड्या सोडत होत्या. खोलीच्या मधोमध जुन्या साड्यांचा ढीग झाला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. मी ते उजाडताना पाहिलंय, डोळ्यांनी.

सरकारी बाईनं त्या दिवशी तिथंच सतरंजीवर बसून एकेकीचा जबाब लिहून घेतला. नंबर सांगणाऱ्या प्रत्येकीला ती म्हणायची, "नाव सांगा, नंबर नंतर." काकूची पाळी आली तेव्हा सहीचं काय करायचं म्हणून सरकारी बाई जरा घुटमळली. काकूनं उजव्या हाताचा अंगठा पुढं केला. "ह्यो शाबूत ठेवलाय देवानं," म्हणाली, "ह्याच कामासाठी."

जाताना दारात अंबादास टोपलं घेऊन उभाच होता, सवयीनं. पहिली बाई त्याच्यापुढून गेली, तिनं वाटी पदराखाली घेतली. दुसरीनंही. एकीनंही वाटी टाकली नाही. माझी वाटी माझ्याकडं आहे. आज सकाळी ह्याच वाटीतून दही खाल्लं. हिच्याहून चांगली भांडी घरात पुष्कळ आहेत, पण कुणाला देणार नाही.

पुढचं सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. दुसऱ्याच दिवशी फाटकाला कुलूप लागलं. हातपंपावर बायांनी आम्हाला शिव्या घातल्या, आणि त्यात 'चौदा नंबर'ही होती. आबांच्या दुकानावर शेठचे ट्रक थांबेनात. घरात येसरसुद्धा जपून वापरायची वेळ आली. एका संध्याकाळी अंबादास नवीकोरी साडी आणि पाकीट घेऊन आला. काकूनं जबाब मागं घ्यायचा, एवढीच अट. आवळा देऊन कोहळा काढायचा म्हणतात तो हा. मायनं साडीकडं पाहिलं. मी मायकडं पाहिलं. खरं सांगते, त्या वेळी काकू हो म्हणाली असती तर आम्ही कुणी तिला बोल लावला नसता. काकू म्हणाली, "अंबादास, तुज्या हातून लय घेतलंय आमी, आसंच गुपचूप. आता जे काय द्यायचं ते चारचौघांत द्या म्हनावं, लिहून. न्हाईतर ऱ्हाऊ द्या." साडी परत गेली. पण कुलूप फार दिवस टिकलं नाही. कापसाच्या गाड्या फाट्यापर्यंत तुंबल्या होत्या आणि शेठाणीबाईंना काही मशीन चालवता येत नव्हती. त्याच बाया, त्याच मशीनी, जिनिंग सुरू झाली. आम्हा तिघींना तेवढं त्या सीझनला घेतलं नाही. काकूची भरपाई परभणीला तारखा घालता घालता पुष्कळ उशिरा मिळाली. मिळाली पण.

माझी नात परभणीत एका मोठ्या दुकानात कामाला आहे. वातानुकूलित, चकाचक. अर्धा पगार खात्यावर येतो, अर्धा पाकिटात, आणि कुणी चौकशीला आलं तर सांगायचं की मी शिकाऊ आहे. परवा मला म्हणाली, "आज्जी, मालक चांगलेत गं, म्हणतेत तू तर घरचीच हायेस." मी तिच्यापुढं ही वाटी ठेवली आणि हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, घरची म्हणतात ना, मग त्यांच्या घराच्या सातबाऱ्यावर नाव लावा म्हणावं. तिथं जमत नसेल तर दुकानाच्या हजेरीत लावा. तिनं वाटी उलटीपालटी करून पाहिली. अजून तिनं काही केलेलं नाही. पण त्या दिवसापासून 'घरची' हा शब्द तिच्या तोंडून ऐकला नाही, आणि कामावरच्या आणखी दोघी मुलींना घेऊन ती येत्या रविवारी माझ्याकडं जेवायला येणार आहे. येसर करीन म्हणते.

आमच्या जिनिंगचं शेवटचं सांगायचं राहिलं. त्या कुलुपानंतरच्या दसऱ्याला झेंडूचे हार पडले, मशीनी सुरू झाल्या. सरकारी बाईचा शेरा बसला होता, त्यामुळं शेठला नाइलाज होता. सकाळी फाटकात अंबादास हजेरीचं नवं पुस्तक घेऊन उभा राहिला आणि एकेकीचं नाव वाचू लागला. बाया नव्या नवरीसारख्या लाजत 'हाजर' म्हणत होत्या. आपलं नाव आईबापानं हाक मारायला ठेवलेलं असतं, ते असं सकाळी सकाळी मालकाच्या दारात वाचलं जाईल असं कुणाला वाटलं होतं? काकूला निवडायच्या कामावर घेतलं होतं. ती माझ्या पुढं उभी होती, डाव्या हातात भाकरीचं फडकं.

अंबादासनं खाली मान घालून, तोंडातल्या तोंडात तिचं नाव घेतलं. काकू काही बोलली नाही. त्यानं वर बघितलं. "हाय की म्होरं उभी, मग बोलत कामून न्हाईस?"

"ऐकू आलं न्हाई," काकू म्हणाली. "मोट्यानं घे. तू म्हनला होतास ना, कदी बघितली न्हाई म्हून? आता रस्त्यापल्याड ऐकू जाऊ दे."

मशीनींचा आवाज होताच. अंबादासनं घसा खाकरला, छाती भरून घेतली आणि तिचं नाव, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, ओरडून वाचलं. रस्त्यापलीकडं आबांनी चाकावरून मान वर केली.

"हाजर," काकू म्हणाली, आणि फाटकातून आत गेली.